खाण बंद, विली चालू: मॅनिक मायनर हातातल्या मशीनवर

डिचोलीचा_विली

मंडळी, चार दिवस पावसाने घराबाहेर पाऊल टाकू दिलेलं नाही, वीज येऊन-जाऊन आहे, तेव्हा बरेच दिवस मनात असलेला धागा आज काढतोच.

मागच्या महिन्यात साडेतीन इंची पडद्याचा एक चिनी हँडहेल्ड मागवला. घरी सांगितलं, लेकासाठी आहे. लेकाने दोन दिवस हाताळला आणि परत मोबाइलकडे वळला. तिसऱ्या रात्रीपासून मशीन माझ्या उशाशी. त्यात शेकडो गेम भरूनच आले होते. ते सगळे बाजूला सारले आणि एकच घातला, मॅनिक मायनर.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. झेडएक्स स्पेक्ट्रम नावाचा एक ब्रिटिश घरगुती कॉम्प्युटर होता. टीव्हीला जोडायचा, खेळ कॅसेटवरून चढवायचे. १९८३ साली मॅथ्यू स्मिथ नावाच्या सतरा वर्षांच्या पोराने आठ आठवड्यांत हा खेळ लिहिला, आणि गंमत म्हणजे लिहिला टँडीच्या टीआरएस-८० या दुसऱ्याच मशीनवर. बग-बाइट कंपनीने तो बाजारात आणला. विली नावाचा खाणकामगार, वीस गुहा. प्रत्येक गुहेतल्या लुकलुकणाऱ्या वस्तू गोळा केल्या की बाहेरचं दार उघडतं. खाली हवेची पट्टी असते, ती सतत कमी होत जाते. हवा संपली, विली संपला. सुरुवातीला तीन लाइफ. तिन्ही गेल्या की वरून एक भलामोठा बूट खाली येतो आणि विलीला चिरडतो.

१९८६ मध्ये माझा मामा बहारीनहून सुट्टीवर आला तेव्हा स्पेक्ट्रम प्लस घेऊन आला. पण म्हापशाच्या घरातल्या टीव्हीत यूएचएफ (वरच्या फ्रिक्वेन्सीचे चॅनेल) नव्हतं आणि स्पेक्ट्रम चित्र पाठवणार यूएचएफच्या ३६ नंबरच्या चॅनेलवर. सहा महिने मशीन कपाटात, आईच्या ठेवणीतल्या साड्यांबरोबर. पुढच्या सुट्टीत मामाने चौदा इंची रंगीत टीव्हीच उचलून आणला, तेव्हा कुठे विलीचं दर्शन घडलं.

कॅसेट लावायची ती टू-इन-वनवर (रेडिओ-कॅसेट प्लेअरवर). आधी टीव्हीच्या कडेने लाल-आकाशी जाड पट्टे सरकायचे, मग निळे-पिवळे बारीक पट्टे थरथरायला लागायचे आणि कानाला दडे बसवणारा चिरका आवाज. पाचेक मिनिटं. साडेचार मिनिटांनी वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. टेप वाचणारं हेड जरा तिरकं असेल तर 'टेप लोडिंग एरर'. मग आजीच्या शिलाई मशीनच्या छोट्या स्क्रूड्रायव्हरने हेडजवळचा स्क्रू केसभर फिरवायचा. त्या स्क्रूवर आजीची भजनं आणि आमचा विली दोघेही अवलंबून होते. एकाचा सूर लागला की दुसऱ्याचा बिघडायचा.

आता मामा ७४ वर्षांचा आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय. चवथीला त्याच्या हातात हे मशीन द्यायचं आहे. म्हणून दोन प्रश्न:

एक, चित्र पूर्ण पडदा भरून घेतलं की विलीचे पाय चालताना जाडे-बारीक होतात. हे घालवायचं कसं? दोन, डावं बटण कधी लागतं, कधी नाही. विक्रेत्याला तीन मेल टाकले, तिन्हींना 'आपला अभिप्राय मोलाचा आहे' असं उत्तर आलं.

नुसतंच_वाचतो

वाचतोय. आजी आणि स्क्रू 😀

झेड_ऐंशी

वा, माझ्या आयडीचं सार्थक करणारा धागा. (झेड-८० हा स्पेक्ट्रमचा प्रोसेसर, साडेतीन मेगाहर्ट्झ.)

पाय जाडे-बारीक होण्याचं कारण साधं आहे. स्पेक्ट्रमचं चित्र २५६ बाय १९२ पिक्सेल. तुमच्या मशीनचा पडदा बहुतेक ६४० बाय ४८०. भागाकार करा, अडीच येतात. अर्धा पिक्सेल तर दाखवता येत नाही, म्हणून मशीन काही पिक्सेल दोनचे करतं, काही तीनचे. विली उभा असला तर कळत नाही, चालायला लागला की लंगडतो.

उपाय सोपा आहे. एम्युलेटर (नव्या मशीनवर जुन्याचं सोंग आणणारा प्रोग्रॅम) 'फ्यूज' नावाचा असेल तर बॉर्डर बंद करू नका. ते कडेचे पट्टे जिथे सरकायचे ना, ती बॉर्डर. बॉर्डरसकट चित्र ३२० बाय २४० होतं आणि त्याची दुप्पट म्हणजे बरोबर ६४० बाय ४८०. एक पिक्सेलही इकडचा तिकडे होत नाही. लोक पडदा वाया जातो म्हणून बॉर्डर काढतात आणि मग इथे येऊन विचारतात.

बटणाचं म्हणाल तर मागचे स्क्रू काढा, रबराच्या पॅडखाली सोनेरी पट्ट्या दिसतील. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला कापूस हलकेच फिरवा, पूर्ण सुकू द्या आणि मगच बंद करा. आपल्या पावसाळ्यात आतही दमट होतं. डब्यात ठेवत असाल तर सिलिका जेलची पुडी टाका.

वास्को_बंदर

माझ्याकडे एके काळी गेम बॉय अ‍ॅडव्हान्स होता. जहाजावर कंटाळा यायचा तेव्हाचा सोबती. जेस्टर इंटरॅक्टिव्हने २००२ मध्ये मॅनिक मायनर त्यावरही आणला होता. तेव्हाच मला पटलं की हा खेळ मुळात हातात धरायच्या मशीनसाठीच जन्मला होता, मशीन यायला उशीर झाला एवढंच. डावीकडे, उजवीकडे, उडी. बस. चौथं बटण लागतच नाही.

झेड_ऐंशी

बरोबर, पण त्या पडद्याचीही एक गोम आहे. गेम बॉय अ‍ॅडव्हान्स २४० बाय १६०. उंचीचा प्रश्न नाही, कारण गुहा फक्त १२८ पिक्सेल उंच आहे. खालचा भाग गुहेचं नाव, हवा आणि स्कोअरसाठी, आणि तो आटवता येतो. रुंदी मात्र २५६ हवी, तिथे १६ पिक्सेल कमीच. म्हणजे गुहा बाजूला सरकवा नाहीतर दाबून बसवा. आणि या खेळात अख्खी गुहा एका नजरेत दिसणं हेच तर सगळं आहे. पलीकडच्या कोपऱ्यातला राक्षस या क्षणी कुठे आहे ते बघूनच इकडची उडी ठरते.

साखळी_एक्सप्रेस

सगळ्यांच्या भावना दुखावून विचारतो. हा खेळ चांगला आहे, की आपण तेव्हा दहा वर्षांचे होतो?

परवा पुतण्याच्या मशीनवर खेळून पाहिला. पंधरा मिनिटांत नऊ वेळा मेलो. उडी मारल्यावर हवेत दिशा बदलता येत नाही. जरा उंचावरून पडला की मेला. फुलाला पाय लागला, मेला. आजकालचे गेम बघा, कड्यावरून पाय सुटल्यावरही दोन-चार फ्रेम उडी मारू देतात, खेळणाऱ्याला सांभाळून घेतात. नव्या मशीनवर आणायचाच तर हे सुधारून का आणू नये? जुन्या घराचा जीर्णोद्धार करताना आपण संडास आत घेतोच ना?

माडांची_सावली

साखळी_एक्सप्रेस, संडासाच्या मुद्द्यावर +१ 😀

पण माझा अनुभव वेगळा आहे. बारा वर्षांच्या मुलाला काही न सांगता दिला. पहिला डाव चार सेकंद. दुसरा सहा. "आई, हा फालतू आहे." म्हटलं, बरं, ठेव. ठेवला नाही. अर्ध्या तासाने पाहिलं तर जीभ बाहेर काढून, मशीनबरोबर स्वतःही डावीकडे झुकून उडी मारत होता. पहिली गुहा पार झाली तेव्हा असा ओरडला की शेजारच्या काकी विचारायला आल्या. त्याचं म्हणणं असं: "मी का मेलो ते दर वेळी कळतं."

त्याच्या मोबाइलवरच्या गेममध्ये तो का जिंकतो तेसुद्धा त्याला कळत नाही.

डिचोलीचा_विली

माडांची_सावली ताई, लेकाला शाबासकी सांगा. माझं अख्खं म्हणणं त्याने एका वाक्यात सांगून टाकलं.

साखळीकर, रंग बदला, राक्षस गोंडस करा, संगीत नवं वाजवा, माझी हरकत नाही. उडीला हात लावू नका. विलीची उडी म्हणजे शब्द दिल्यासारखी आहे, दिला की दिला. बटण दाबण्याआधी विचार करायचा, नंतर नाही. ती मऊ केली की खाली उरतो तो दुसराच कुठलातरी खेळ.

झेड_ऐंशी

उडीचं गणितच देतो. कुणीतरी अख्खा खेळ बाइट-बाइट उलगडून टिपणांसह मांडून ठेवला आहे, रविवार घालवायला उत्तम. विली चालताना पावलागणिक २ पिक्सेल सरकतो. उडी घेतली की वर जातो तो असा: ४, ४, ३, ३, २, २, १, १. बेरीज २०. वर क्षणभर तरंगतो आणि त्याच आकड्यांनी उलटा खाली येतो. प्रत्येक उडी हीच. पहिल्या गुहेत हीच, विसाव्या गुहेत हीच. म्हणून हाताला ती पाठ होते.

आणि मरणंसुद्धा प्रामाणिक आहे. राक्षसाचा रंगवलेला एक तरी पिक्सेल विलीच्या रंगवलेल्या पिक्सेलवर पडावा लागतो. बऱ्याच खेळांत अदृश्य चौकटीला चौकट लागली की मेलात. इथे विलीच्या नाकाखालून राक्षस गेला तरी चालतं.

एक गुहा बरोबर १०२४ बाइटची. वीस गुहा, २० के. प्रत्येक गुहेतले पहिले ५१२ बाइट नुसते रंगांचे. आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या एका 'सुप्रभात'च्या फुलात अशा कित्येक गुहा मावतील.

पर्वरीकर

अवांतर आहे, पण राहवत नाही. ६०३१७६९ हा आकडा कुणाला आठवतोय? मला माझ्या बायकोचा मोबाइल नंबर पाठ नाही, हा आहे.

वास्को_बंदर

हाहा! तो टाइप केला की खाली छोटा बूट दिसायचा आणि मग कुठल्याही गुहेत उडी.

पर्वरीकर

हो, आणि गुहा निवडायची पद्धत आठवते? १ ते ५ या बटणांना १, २, ४, ८, १६ अशा किमती. हव्या त्या बेरजेची बटणं दाबून धरायची आणि ६ दाबायचं. मोजणी शून्यापासून. म्हणजे चौदावी गुहा हवी तर बेरीज तेरा, १ + ४ + ८, पहिलं, तिसरं, चौथं बटण. पुढे कॉलेजात सरांनी फळ्यावर बायनरी काढली तेव्हा मी मागच्या बाकावरून मनात म्हटलं, अरे, ही तर विलीची चावी!

हँडहेल्डवर आकड्यांची बटणं नाहीत हे मात्र दुःख. एम्युलेटरचा पडद्यावरचा कीबोर्ड काढून ते जमवताना विली तीनदा मरतो.

माडांची_सावली

चौदावी म्हणजे ती स्कायलॅबवाली ना? वरून स्कायलॅब पडतात आणि जमिनीवर आपटून फुटतात? काल मुलाने विचारलं, स्कायलॅब काय असतं. मी म्हटलं, आजीला विचार.

आमच्या आईने मग तासभर सांगितलं. १९७९ चा जुलै, अमेरिकेची अंतराळातली प्रयोगशाळा कोसळणार, कुठे ते कुणालाच ठाऊक नाही. फोंड्यात आमच्या वाड्यावर लोकांनी म्हणे कोंबड्या कापून खाल्ल्या, उद्या आपण असू-नसू. शेवटी ती पडली ऑस्ट्रेलियाच्या बाजूला आणि वाड्यावर कोंबडी उरली नाही. मुलगा म्हणाला, "म्हणजे आजी खऱ्या लेव्हलमध्ये होती!"

डिचोलीचा_विली

काय सांगता! मलाही तो संबंध कधी लागला नव्हता.

माझी गुहा मात्र त्याच्या आधीची, तेरावी. तिचं नाव 'ओअर रिफायनरी', म्हणजे कच्चं खनिज शुद्ध करायचा कारखाना. बाबा खाणीवर मशीन सेक्शनला होते. एकदा दुपारची शिफ्ट करून आले, तांबड्या धुळीने माखलेले, आणि दारातूनच टीव्हीकडे बघत उभे राहिले. मामाने कौतुकाने गुहेचं नाव वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "रिफायनरी कसली रे? आपलं ओअर आहे तसं बार्जमध्ये घालतात आणि मुरगावला नेऊन जहाजात ओततात." मग पायताण काढून आत आले, पाच मिनिटं बघितलं, आणि विचारलं, "ह्याचा सुपरवायझर खंय?"

पुढे २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, मध्ये थोड्या चालल्या, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. दादाचे दोन ट्रक अंगणात उभे राहिले. एकाच्या हौद्यात घेवड्याचा वेल चढला होता, खोटं नाही. त्या दिवसांत दादा संध्याकाळी माझ्या लॅपटॉपवर हा खेळ खेळायचा. कन्व्हेयर बेल्टवर विली उलट्या दिशेने ओढला गेला की नेहमीचं एकच वाक्य, "गेलो."

साखळी_एक्सप्रेस

आमच्याकडेही एक ट्रक होता. विकला.

बरं, उडीचा मुद्दा मान्य. काल रात्री परत बसलो, चौथ्या गुहेपर्यंत पोचलो. पण सेव्ह स्टेट वापरून (डाव हवा तिथे साठवायचा, मेलो की तिथूनच पुढे). आता त्यावर ओरडू नका.

वास्को_बंदर

ओरडणारच. दर उडीला सेव्ह करून वीस गुहा पार करणं म्हणजे पुस्तक उघडं ठेवून परीक्षा देणं.

झेड_ऐंशी

मी मधला मार्ग सुचवतो. गुहेच्या दारात सेव्ह करा, गुहेच्या आत नाही. मुळात तीन लाइफ घेऊन दर वेळी पहिल्या गुहेपासून यायचं, ही त्या काळची गरज होती. कॅसेटवर डाव साठवत कोण बसणार? गुहेच्या आतली झुंज हा खरा खेळ. एकोणिसाव्या गुहेत सूर्यकिरणाचा झोत येतो, तो अंगावर पडला की हवा भराभर सरते. तिथे मधेच सेव्ह करून झोत टाळणाऱ्याला मी तरी शूर म्हणणार नाही.

आवाज बंद करून खेळत असाल तर तोही चालू करा. खेळ चालू असताना मागे संगीत वाजवणारा स्पेक्ट्रमवरचा पहिला खेळ म्हणून याचं नाव घेतात. सूर नॉर्वेचा संगीतकार ग्रीग याचा. मशीनमध्ये साउंड चिप नाही, एकच बीपर, आणि तोही प्रोसेसरनेच वाजवायचा. म्हणून विलीच्या दोन पावलांच्या मधे सुराचा एक-एक कण टाकला आहे. कढईत मोहरी तडतडावी तसं ऐकू येतं, पण चाल ओळखता येते.

नुसतंच_वाचतो

पहिल्यांदाच विचारतोय. हे सगळं कायदेशीर आहे का?

झेड_ऐंशी

स्पेक्ट्रमच्या रॉमपुरतं (मशीनच्या आत कायम कोरलेल्या प्रोग्रॅमपुरतं) हो. १९८६ मध्ये स्पेक्ट्रम बनवणाऱ्या सिंक्लेअरचा कॉम्प्युटरचा धंदा अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीने घेतला आणि पुढे एम्युलेटरबरोबर रॉम वाटायला त्यांनी परवानगी दिली. खेळांचे हक्क ही वेगळी गोष्ट, ते ज्याचे त्याचे. मशीनबरोबर फुकट भरून येणाऱ्या शेकडो गेमांचं तर बोलायलाच नको.

पर्वरीकर

हक्कांवरून आठवलं. याचा पुढचा भाग, जेट सेट विली, १९८४. त्याच्या कॅसेटबरोबर रंगीत चौकोनांचं एक कार्ड यायचं. खेळ सुरू होताना विचारायचा, अमुक घरातले रंग कोणते? उत्तर चुकलं की खेळ नाही. तेव्हा झेरॉक्स काळीपांढरी, म्हणजे कॉपी करणाऱ्याची पंचाईत. मी आणि माझ्या चुलतभावाने पणजीत मित्राच्या घरी बसून अख्खं कार्ड रंगीत पेन्सिलींनी वहीत उतरवलं. गुलाबी संपली म्हणून तिथे नुसतं 'गु' लिहिलं. एवढं करून घरी आलो, तर त्या खेळात पोटमाळ्यावर गेलं की बाकीच्या खोल्या बिघडतात हे कळलं. आधी कंपनी म्हणाली, ते मुद्दामच आहे. मग टाइप करायचे दुरुस्तीचे आकडे दिले.

डिचोलीचा_विली

चवथीची खबर द्यायला धागा वर काढतोय.

बटण साफ केलं, आता पक्कं लागतं. बॉर्डर चालू केली, पाय सरळ झाले. झेड_ऐंशी, दंडवत.

दुपारी जेवणं झाली, माटोळीखाली (गणपतीच्या वर टांगलेल्या फळा-पानांच्या आराशीखाली) सगळे लवंडले होते. मामाच्या हातात मशीन दिलं. आधी चष्मा शोधला, मग आठवलं की ऑपरेशननंतर लांबचा लागत नाही, जवळचाच लागतो, तो आणला. पडदा बघून म्हणाला, "एवढासा?" पहिला डाव पाहून मला वाईट वाटलं, अंगठ्याला अंदाज येत नव्हता. मामाला सवय कीबोर्डची. स्पेक्ट्रमवर अक्षरांच्या वरच्या ओळीत एक बटण डावं, एक उजवं, एक डावं, एक उजवं, अशा पाच जोड्या, आणि खालची अख्खी ओळ उडीची. त्याचा उजवा अंगठा रिकाम्या जागी खालची ओळ शोधत होता.

मग मशीन मांडीवर आडवं ठेवलं, बटणांवर अंगठ्यांऐवजी तर्जन्या ठेवल्या, आणि सुरू झाला. पहिली गुहा गेली. दुसरी गेली. तिसरीत अडकला, पण कुठे थांबायचं आणि कुठे नाही ते त्याला माझ्याआधी आठवत होतं. माझ्या लेकाने शहाणपणाने सांगितलं, "आजोबा, इथे सेव्ह करता येतं." मामा म्हणाला, "कशाला?"

आरतीला तीनदा हाक मारावी लागली. मशीन तो घरी घेऊन गेला. काल रात्री साडेअकराला फोन. मला वाटलं तब्येत. म्हणाला, "अरे, सातव्या गुहेत आहे आणि लाल दिवा लागलाय. मोबाइलची वायर लावली तर चार्ज होत नाही. कुठली लावू?"

झेड_ऐंशी

मामांना सांगा, दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली वायर नको. असल्या बऱ्याच स्वस्त मशीनना ती चालत नाही. एका टोकाला जुनं मोठं यूएसबी असलेली वायर आणि जुन्या फोनचा साधा चार्जर. आणि चार्ज होईतो पॉज करून ठेवायला सांगा, बंद नको.

माडांची_सावली

सातवी म्हणजे 'द व्हॅट' ना? मुलगा म्हणतोय, आजोबांना सांग, पायाखालची जमीन उकरत खाली यायचं, पण घाईने नाही. घाई केली की परत वर येता येत नाही.